तानसाच्या नाळेची फळी

सरकारने किनाऱ्याच्या रक्षणासाठी नवं दल उभं केलं, त्या दलाला नवी जहाजं द्यायचं ठरवलं आणि त्यापायी मनोरीची मंजुळा विधवा झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असं दिल्लीत कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. मीही हसलो असतो. पण मी एका सरकारी कचेरीत प्रसिद्धीचा मराठी मजकूर लिहायचो आणि तिथे हसायची पद्धत नव्हती.

मंजुळा आमच्याकडे मासळी घेऊन यायची. मनोरीहून चालत गोराईला, गोराईच्या तरीतून खाडी ओलांडून बोरीवलीला, आणि मग टोपली डोक्यावर घेऊन आमच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत. आमच्या शेजारपाजारचे सगळे गुजराती, त्यामुळे जिन्यात ती जरा पाय आपटतच चढायची. दार उघडायच्या आतच तिची आणि माझ्या बायकोची घासाघीस सुरू व्हायची.

"काय गं हे? बोंबील आहेत की दोरे?" नलिनी म्हणायची.

"दोरं घे बाय, घोंगरी शीव. बोंबील पायजेल तर माजा भाव दे."

हे एवढं भांडण झाल्याशिवाय दोघींनाही तो व्यवहार खरा वाटत नसे.

मंजुळेच्या डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या असायच्या आणि उजवा हात मोकळा. नलिनीने एकदा विचारलं, "या हातातल्या कुठे फुटल्या गं?"

"फुटल्या नाय, बाय. दिल्या. लगीन झाला तवा या हातातल्या काडून दर्याला दिल्या. आमच्यात तशी रीत हाय. दर्याला सांगाचा, ह्या घे नि माज्या घरवाल्याला राख."

"मग राखतो का?"

मंजुळा टोपली झाकत म्हणाली, "बगू."

नलिनीला तेव्हा ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, की मंजुळेचा नवरा अनंता एकोणसत्तर साली नवरात्र उलटल्यावर समुद्रात गेला होता आणि परत आला नव्हता. अवेळी वादळ उठलं. बाकीच्या होड्या मार लागून का होईना, खाडीत शिरल्या. अनंताची होडी तेवढी दोन दिवसांनी उलटी तरंगताना सापडली. तो सापडला नाही.

त्या वेळी आत्ताचं तटरक्षक दल नव्हतं. चोरटं सोनं, घड्याळं आणि कापड आणणाऱ्यांच्या मागावर फिरणारी एक सरकारी लाँच होती, लाकडी, 'तानसा' नावाची. चोरांच्या होड्यांना इंजिनं तिच्यापेक्षा तगडी होती. त्यामुळे पाठलाग करण्याचा मान तानसाला नेहमी मिळे, पकडण्याचा क्वचित. वादळानंतर हिलाच अनंताला शोधायला पाठवलं. तिच्यावर लवू नावाचा तांडेल होता, म्हणजे लाँच चालवणारा मुख्य माणूस. मूळचा वेंगुर्ल्याचा. बाप गिरणीत, हा पाण्यावर, बिऱ्हाड घाटकोपरच्या टेकडीवर. गस्तीत मनोरीला थांबला की अनंताकडे चहा प्यायचा, त्यामुळे अनंताला तोंडाने ओळखायचा.

शोध आठवडाभर चालला. शेवटच्या दिवशी मंजुळेने अनंताच्या चौकड्याच्या रुमालाची एक चिंधी फाडली आणि तानसाच्या नाळेला, म्हणजे लाँचीच्या अगदी पुढच्या टोकाला, बांधली. शोधणाऱ्या होडीला हरवलेल्याची खूण लागते, असं तिचा सासरा भिकाजी म्हणाला होता. लवूने बांधू दिली. वर म्हणाला, "ही लाँच पाण्यात आसा तवसर आमी बघतलंव."

माणूस दाराशी उभ्या असलेल्या बाईला जे म्हणतो, तेच तो म्हणाला. पण मनोरीने ते वाक्य जसंच्या तसं घेतलं. लाँच पाण्यात आहे तोवर शोध चालू. शोध चालू आहे तोवर अनंता हरवलेला, गेलेला नाही. आणि गेलेला नाही तोवर मंजुळेच्या डाव्या हाताला कोणी हात लावायचा नाही. वर्षं लोटली तसे कोळीवाड्यातले जाणते लोक भिकाजीला म्हणायचे, पोराचं कार्य उरकून टाक, आत्मा लटकलाय. भिकाजी त्यांना खाडीकडे बोट करून सांगायचा, "शोदनारी होरी अजून पान्यात हाय." आणि ती खरोखरच पाण्यात होती. दर नारळी पौर्णिमेला तानसा मनोरीच्या खाडीत यायची आणि मंजुळा जुनी चिंधी सोडून नवी बांधायची. रुमाल दरवर्षी एका पट्टीने लहान होत होता.

पुढे माझी आणि लवूची ओळख झाली तेव्हा मी त्याला विचारलं, "शोध तर कधीच थांबला होता ना?"

तो विडी विझवत म्हणाला, "शोध बंद झालो, असा माका सांगितल्यानी. पण डोळे बंद कर असा कोणी सांगूक नाय."

*

एकोणऐंशीच्या जानेवारीत एके सकाळी मंजुळेने टोपली उतरवली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "भाऊ, तानसा तोडनार म्हनतात. खरा?"

खरं होतं. तो मजकूर मीच लिहिला होता. जुन्या लाकडी लाँची जाऊन त्यांच्या जागी पोलादी जहाजं येणार. किनारा आता अधिक सुरक्षित होणार. तानसा दारूखान्याला जाणार होती, जिथे जहाजं तोडतात.

"नवीन जहाज येतंय ना पण," मी म्हणालो. "मोठं आहे. तानसाच्या दसपट."

"त्याला कोनी सांगलाय?"

"काय?"

"अनंताचा."

मी सरकारात आहे म्हणजे सरकार माझं ऐकतं, अशी तिची समजूत होती. माझ्या घरात ती समजूत असलेली ती एकटीच होती, म्हणून मला मोडवेना. रविवारी मी मनोरीला गेलो.

भिकाजी होड्या बांधणारा. ऐंशीच्या घरातला, हातात अजून लाकूड तासायचा वाकस. अंगणात एक होडी उपडी घातली होती, नवी कोरी. तिच्या नाळेत मात्र एक फळी काळीभोर.

"ही फली माज्या बापाच्या होरीची," तो म्हणाला. "जुनी होरी मोडाची तवा नालेची फली काडून नवीला लावाची. मंग ती नवी नाय, तीच होरी. जुनीने जो नवस बोलला तो नवीने फेडाचा. जुनीचा काम रायला तर नवीने कराचा."

"आणि फळी नाही लावली तर?"

"तर होरी मेली. तिच्या संगती तिचा कामबी मेला."

मंजुळा उंबऱ्यावर बसून कोळंबी सोलत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, भाऊला सांग सरळ."

भिकाजीने सरळ सांगितलं. तानसाच्या नाळेची फळी नव्या जहाजात बसली तर शोध पुढे चालू; जाणत्यांना तो आणखी थोपवून धरील. नाही बसली तर तानसा तुटेल त्या दिवशी अनंताचं कार्य करायचं, त्याने शब्द दिला होता. मंजुळेच्या बांगड्या त्या दिवसापर्यंत.

मी कचेरीत आमच्या साहेबांकडे विषय काढला. साहेब म्हणाले, "अहो, जहाज पोलादी आहे." मी म्हणालो, "फळी लाकडी आहे." इतक्यावर आमची चर्चा संपली.

पण योग असा, की नव्या जहाजाने मच्छिमारांची भेट घ्यायचं ठरवलं. मनोरीसमोर दूर नांगर टाकायचा, कोळीवाड्यातल्या मंडळींना वर बोलवायचं, चहा द्यायचा. जहाज मोठं, खाडीत शिरेना. मंडळींना धक्क्यावरून जहाजापर्यंत पोचवायला लाँच लागणार होती. त्या कामाला तानसाला बोलावलं; त्या तयारीत माझी लवूशी ओळख झाली आणि फळीचं मी त्याच्या कानावर घातलं. आपल्या जागी आलेल्याला पाहुणे नेऊन घालायचे, हे तिचं शेवटचं काम.

*

मनोरीच्या धक्क्यावर तानसा लागली तेव्हा तिच्या नाळेवर पत्र्याचा तुकडा ठोकलेला होता. लवूने गोणपाटात गुंडाळलेली फळी भिकाजीच्या हातात दिली. हातभर लांब, सागवानी, तांब्याचे खिळे हिरवे पडलेले.

"विचारलंस का कोणाक?" मी त्याला म्हणालो. एव्हाना मलाही त्याची भाषा थोडी लागली होती.

"उद्या तोडूची आसा ती. आज एक फळी कमी झाली तर बुडाची नाय."

मंजुळा नऊवारी पातळ घट्ट कासून, केसांत अबोली माळून आली होती. लग्नाला जावं तशी. पदराच्या टोकाला रुमालाची उरलेली शेवटची पट्टी बांधलेली होती.

नवं जहाज पांढरंशुभ्र होतं. खालून बघताना मान दुखावी इतकं उंच. भिकाजीने शिडीला हात लावण्यापूर्वी त्याच्या अंगावर बोटाने टकटक केलं, जसा वैद्य पोट वाजवून बघतो. "पोकल हाय," म्हणाला आणि चढला.

वरचा अधिकारी डेहराडूनकडचा, तिशीतला, हसऱ्या तोंडाचा. त्याने भिकाजीला स्वतः हाताला धरून वर घेतलं. मी दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे करत होतो. फळीची हकिकत सांगताना मला वाटलं होतं, हा हसेल; निदान त्याच्या मागचे तरी हसतील. तो हसला नाही. त्याने गोणपाट सोडून फळी बघितली, खिळ्यांवरून अंगठा फिरवला.

"इसे हम शीशे की अलमारी में रखेंगे," तो म्हणाला. "पीतल की पट्टी के साथ. तानसा का नाम लिखकर."

मी भाषांतर केलं. भिकाजीने मान हलवली. "कपाटात नाय. पानी लागाला पायजे फलीला."

मी तेही सांगितलं. एखाद्याने इथे घड्याळ बघितलं असतं. या माणसाने विचार केला. मग भिकाजीला जहाजाच्या पुढच्या टोकाशी घेऊन गेला आणि एक झाकण उचलून दाखवलं. खाली नांगराची साखळी ठेवायची खोली होती. साखळी समुद्रातून ओली होऊन यायची, पाणी तिथेच निथळायचं.

"यहाँ बाँध देंगे. हर बार समुंदर का पानी लगेगा. चलेगा, बाबा?"

भिकाजीला भाषांतर लागलं नाही. त्याने आत वाकून वास घेतला. खारा वास होता. त्याचे डोळे भरून आले. "चालंल," तो म्हणाला. "पोरी, झाला तुजा काम."

मला हायसं वाटलं. सरकारी जहाजावर सरकारी माणसाने चक्क होकार दिला होता आणि त्यासाठी मला काही लिहावंही लागलं नव्हतं. लवू तिथल्या तिथे फळी बांधायला दोरी शोधू लागला.

तेवढ्यात मंजुळा म्हणाली, "हा जहाज बगतो कसा, ते दाखवा मना."

अधिकाऱ्याला ही फर्माईश आवडली. तो तिला आणि मला वरच्या खोलीत घेऊन गेला. गोल काचेत एक उजळ रेघ गरगर फिरत होती आणि ती जिथून जाई तिथे ठिपके चमकत. त्याने सांगितलं, हा किनारा, ही तेलाची बोट, ही मोठी ट्रॉलर. काळोख असो, धुकं असो, हे यंत्र बघतच राहतं. आणि हे जहाज आता दोनशे मैल आत जाणार, जिथे तानसा कधी पोचली नसती. त्याच्या बोलण्यात फुशारकी नव्हती. नवी सायकल मिळालेल्या मुलाचा आनंद होता.

मंजुळा पुष्कळ वेळ त्या रेघेकडे बघत राहिली.

"आमची होरी कुठं हाय यात?"

 तो म्हणाला, छोटी लाकडी होडी कधी दिसते, कधी नाही.

"नि मानूस?"

मी भाषांतर करताना प्रश्न थोडा मऊ करायला बघत होतो. पण 'मानूस' त्याला कळलं होतं. त्याने टोपी काढून काखेत धरली.

"झूठ नहीं बोलूँगा, बहनजी. पानी में आदमी इसमें नहीं दिखता. उसके लिए आँखें ही चाहिए. ऊपर हमारे जवान खड़े रहते हैं, दुरबीन लेकर. चौबीस घंटे."

"मंग त्याला भेटव."

दुर्बीणवाला जवान बाहेरच उभा होता. दाक्षिणात्य असावा. ओठावर मिशी यायच्या बेतात. मंजुळेने पदराची गाठ सोडली, रुमालाची पट्टी त्याच्यासमोर धरली आणि त्याला कळेल अशा बंबईया हिंदीत म्हणाली, "ये मेरा आदमी का है. नाम अनंता. यहाँ गाल पे निशान है. तू देखेगा?"

"देखेगा, अम्मा," तो अदबीने म्हणाला. मग कामाचा माणूस विचारेल तसं त्याने विचारलं, "कब मिसिंग हुआ?"

प्रश्न बरोबर होता. कुठल्याही शोधात हा पहिला प्रश्न. पण लवूने तो कधी विचारला नव्हता, त्याला विचारायची गरज नव्हती. मनोरीत कोणी विचारत नव्हतं. इतक्या वर्षांत मंजुळेला ते तोंडाने उच्चारावंच लागलं नव्हतं.

 ती माझ्याकडे बघून मराठीत म्हणाली, "एकोनसत्तर."

मी ते त्याला सांगितलं नाही. पण आकडा त्याला समजला असावा, किंवा तिचा चेहरा समजला असेल.  तो दुर्बीण दोन्ही हातांत धरून समोर बघत राहिला, पोरं वर्गात बघतात तसा. एकोणसत्तर साली हा पोरगा पाटी घेऊन शाळेत जात असेल, हे माझ्या मनात आलं. मंजुळेच्याही आलं असावं, कारण ती त्याला पायांपासून डोक्यापर्यंत निरखत होती, जणू मधली सगळी वर्षं त्याच्या उंचीत मोजता येत होती.

तिने त्याच्या गालाला हात लावला. "र्‍हाऊ दे, पोरा," म्हणाली. आणि जिना उतरून पुढच्या टोकाशी गेली, जिथे भिकाजी आणि लवू फळीला दोरी आवळत होते.

"मामा, सोर ती."

"कशाला गो? साहेबाने हो सांगलाय."

"साहेब चांगला हाय. जहाजबी चांगला हाय. पन त्याला अनंता ठावं नाय, मामा. कोन येला, कोन गेला, याला सगला शोदाचा हाय. याच्या डोक्यावर आपला भार नको." मग हलक्या आवाजात, "दे ती फली मना. झाला."

भिकाजीने तिच्याकडे बघितलं. गाठ त्याच्याच हातची, कोळ्याची, सुटायला वेळ लागला.

तानसा परत निघाली. मागे पांढरं जहाज लहान होत होतं. धक्का जवळ आल्यावर लवू सुकाणू न सोडता म्हणाला, "मी बघितलंय गो. दर फेरीक बघितलंय. खोटा सांगत नाय."

"मना ठावं हाय, दादा," मंजुळा म्हणाली. "म्हनून तर."

*

तानसा दारूखान्याला गेली त्या दिवशी मनोरीच्या वाळूत अनंताचं कार्य झालं. देह नसला की दर्भाचा पुतळा करतात. भिकाजीने तो फळीवर बांधला, वर रुमालाची शेवटची पट्टी. जी फळी इतकी वर्षं अनंताला शोधत फिरली तिच्यावरच त्याला निजवला. आग द्यायला धाकटा दीर बळवंत पुढे झाला. लवू घाटकोपरहून आला होता, कडेला उभा होता.

फळी पेटेना. मीठ, तेल, रंग, सगळं मुरलेलं लाकूड. दर्भ भुरकन जळून गेला आणि फळी तशीच. मग एका कडेने धरली. तांब्याच्या खिळ्यांमुळे ज्योत हिरवी निघाली. मंजुळेने एकदा त्या ज्योतीकडे आणि एकदा आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. कोळीवाड्यातल्या म्हाताऱ्या सुंदराबाईने बांगड्या फोडायला दगड उचलला. डाव्या हाताला थोडा वेळ लागला. उजव्याला काहीच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी मजकूर लिहिला: नव्या जहाजाचं मच्छिमार बांधवांनी उत्साहाने स्वागत केलं. साहेबांनी 'उत्साहाने'च्या आधी 'मोठ्या' घातलं. मी ते राहू दिलं.

मंजुळा महिन्याने आली. जिन्यात पाय आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणून नलिनीला कळलंच नाही. दार उघडलं तर समोर उभी. दोन्ही हात सारखे. नलिनीने तिच्या हातांकडे बघायचं टाळलं, टोपलीकडे बघितलं, आणि मंजुळेने सांगितला तो भाव मुकाट्याने मान्य करून आत पैसे आणायला वळली.

"बाय," मंजुळा म्हणाली.

नलिनी थांबली.

"आज भाव नाय पारत?"

"राहू दे गं आता…"

"कशाला र्‍हाऊ दे? मासळी काय तीच नाय?" मंजुळेचा आवाज चढला. शेजारच्या मेहतांचं दार किलकिलं झालं. "बोल ना. बोंबील की दोरं?"

नलिनीने डोळे पुसले. पदर खोचून खाली बसली, टोपलीतला एक बोंबील उचलून उजेडात धरला.

"दोरेच आहेत," ती म्हणाली. "आणि तेही शिळे."

"शिळं?" मंजुळा समोर बसली. "आता आयलीस लायनीवर. सांग, काय देशील?"